कोणी पाहत नसताना

पूर्वी हेमावती नगरीत रुचिकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव सोमशील. हाताला गुण होता आणि बोलणे मोजके होते, म्हणून राजाने त्यांना राजवाड्यातच ठेवून घेतले होते.

राजा रुचिकेतू देखणा होता, शूरही होता. पण त्याच्या जिवाला चैन नव्हती. चार माणसे कुठे बोलत उभी दिसली की ती आपल्याविषयीच बोलत असावीत असे त्याला वाटे, आणि ती दुसऱ्याच कशाविषयी बोलत होती असे कळले की त्याला अधिकच वाईट वाटे. सकाळी भाटांनी गायलेली स्तुती दुपारपर्यंत पुरत नसे. मग तो त्यांना पुन्हा बोलावी, आणि ते गाऊ लागले की, "हे मनापासून गातात की पोटासाठी?" या शंकेने कासावीस होऊन उठून जाई.

राजा तशी प्रजा. नगरातले धनिकही आपापल्या दारात भाट बसवू लागले. रस्त्यात भेटलेला माणूस "बरे आहात ना?" असे विचारी आणि उत्तर येण्याआधीच स्वतःचे सांगू लागे. कोणाचे कोणाकडे लक्ष उरले नाही.

अशात राजाची आठ वर्षांची मुलगी मृणाला आजारी पडली. तिचा घसा सुजला, ज्वर चढला, पाण्याचा घोटही गिळवेना. राणी उत्पला तिच्या उशाशी बसली ती हललीच नाही. सोमशील तिथेच मुक्कामाला राहिले. दरबारात, स्वयंपाकघरात, वेशीवर, जो तो राजकन्येचीच विचारपूस करू लागला.

पहिल्या दिवशी राजाने तिच्या महालाकडे दहा खेपा घातल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आले, की आपण आज नवा मुकुट घातला आहे आणि तो कोणाच्याही नजरेस आलेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचे डोके दुखू लागले. ते खरोखरच दुखत होते. त्याने सेवक पाठवून वैद्यांना बोलावले.

सेवक एकटाच परत आला. "वैद्यराज म्हणतात, कपाळाला चंदन लावून थोडे पडून राहा. मुलीचा श्वास अडकतो आहे, त्यांना हलता येत नाही."

राजा पडून राहिला नाही. तो रिकाम्या दालनात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिला. पोटच्या पोरीचा आपल्याला राग येतो आहे हे त्याला जाणवले, आणि ते जाणवताच तो राग वैद्यांवर गेला. त्याने निरोप धाडला, की आता आला नाहीस तर उद्या तुझे हात तोडीन.

उत्तर आले, "उद्या अवश्य तोडा, महाराज. आज मला ते लागणार आहेत."

तेव्हा राजा स्वतःच निघाला. मुलीच्या महालापाशी पोहोचला तेव्हा पडद्याआड सेनापतीचा आवाज त्याच्या कानी पडला.

"सोमशील, उद्या तुमचे हात जाण्यापेक्षा आज राजाच्या डोकेदुखीच्या काढ्यात एक विषारी मुळी पडू द्या. राज्य सुटेल, तुम्हीही सुटाल. मी गादीवर आलो की तुमच्या कुळाला पाच गावे."

राजाचा हात तलवारीवर गेला.

"नाही," सोमशील म्हणाले. "राजाही माझा रोगीच आहे. कितीही जेवला तरी अन्न अंगी लागत नाही, अशा माणसाची भूक कशी असते ते तुम्ही पाहिले आहे का? अशा माणसावर मला रागावता येत नाही. रोग्याला मारणे हा उपचार नव्हे. आता तुम्ही जा."

सेनापती दुसऱ्या दाराने निघून गेला. राजा पडद्यापाशी तसाच उभा राहिला. जन्मभर लोकांनी त्याला सूर्य म्हटले होते, सिंह म्हटले होते. उपाशी कोणीच म्हटले नव्हते. त्याला संताप आला, आणि त्या संतापाच्या खाली रडूही आले. तो आत शिरला.

राणी झोपेने बसल्या जागी कलंडत होती. मुलीने डोळे किलकिले केले.

"बाबा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुमचं डोकं दुखतंय ना? वैद्यबाबांना घेऊन जा तुम्ही. मी थांबते."

राजाला क्षणभर बरे वाटले. बरे वाटले, याचीच त्याला लाज वाटली.

सोमशीलांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिले. "महाराज, तुमच्या दुखण्यावरही औषध आहे. पण ते तुम्हालाच घ्यावे लागेल. हे ज्येष्ठमधाचे कोमट पाणी. कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब तिच्या ओठात सोडायचे. घाई केली तर ठसका लागून श्वास अडकेल. आता तिचा श्वास जरा मोकळा आहे, तोवर मी बागेतून ताजी मुळे खणून लेप वाटून आणतो."

"दासी आहेत की."

"आहेत. त्यांना मी बाहेर पाठवतो. राणीसाहेबांनाही झोपू द्या. इथे कोणीही नसेल."

सगळे गेले. मुलीचेही डोळे मिटले. राजाने बोळा भिजवला. पहिले काही थेंब सोडताना त्याने सवयीने मागे वळून पाहिले. तिथे नुसती भिंत होती. थोड्या वेळाने तो उठला आणि दारापर्यंत गेला. मुलीचा श्वास घरघरला तसा धावत परतला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. हात अवघडला, पाय शिवशिवू लागले. आपण काय करतो आहोत हे कोणालाही कळत नाही, या विचाराने त्याला गुदमरल्यासारखे होई. मग एक थेंब गालावरून ओघळला. तो टिपताना त्याला दिसले, की मुलीच्या भुवईपाशी एक बारीकसा तीळ आहे. आठ वर्षांत तो त्याने पाहिला नव्हता.

त्यानंतर तो उठला नाही. सोमशील परत आले तेव्हा ऊन कलले होते आणि मुलगी पाणी गिळत होती. डोके दुखायचे केव्हा थांबले, हे राजाला सांगता आले नाही.

चौथ्या दिवशी ज्वर उतरला. वैद्यांच्या हातांविषयी कोणी बोलले नाही. सेनापतीला राजाने दूरच्या सीमेवर पाठवले. त्याचा जीव मात्र घेतला नाही. पण जुनी खोड एका दिवसात जात नाही. आपण मुलीला कसे वाचवले याची दवंडी पिटवावी असे राजाच्या मनात आले आणि त्याने दवंडीवाल्याला बोलावूनही घेतले.

तो येऊन उभा राहिला, तेव्हा मृणाला आईच्या मांडीवर बसून पेज पीत होती.

"आई, त्या दिवशी मला थेंब थेंब पाणी कोणी पाजलं?"

"वैद्यबाबांनी पाजलं असेल," त्या वेळी झोपलेली आणि काहीच न पाहिलेली राणी म्हणाली.

सोमशीलांनी राजाकडे पाहिले. राजाचे ओठ हलले. 'मी' हा शब्द अगदी जिभेवर आला होता.

"हो," राजा म्हणाला. मग त्याने दवंडीवाल्याला नुसत्या हातानेच परत जाण्याची खूण केली.

त्यानंतरही तो पुष्कळ दिवस अस्वस्थ असे. पण अस्वस्थ झाला की भाटांना न बोलावता तो मुलीपाशी जाऊन बसे आणि तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐके.

ही हकिकत भगवंतांनी भिक्खू वारणाला सांगितली. उपासकांनी दुसऱ्या भिक्खूची प्रशंसा केली की त्या दिवशी वारणाला अन्न गोड लागत नसे. हकिकत सांगून झाल्यावर भगवंत म्हणाले, "वारणा, त्या वेळचा राजा रुचिकेतू तू होतास. राजकन्या म्हणजे आजची भिक्षुणी सुजया, राणी म्हणजे तिची गुरुभगिनी धीरा. आणि वैद्य सोमशील मीच होतो. हात तोडू पाहणाऱ्यालाही रोगी मानून जी त्याच्या उशाशी बसते, तिला करुणा म्हणतात."

शेजारी एक आजारी भिक्खू कण्हत होता. वारण त्याच्याकडे सरकून बसला.