उंबराईनं रोगाचं नाव विचारलं, त्याची कहाणी

ऐका उंबराई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं म्हणतात, पण आपली माणसं नगरात मावली नाहीत. ती वेशीबाहेर वीटभट्टीवर राहत. तिथं भिवरा राही, तिचा नवरा सोपान राही, तिची सासू सगुणा राही. त्या मुलखाची एक रीत होती. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, नवऱ्यानं बायकोचं घेऊ नये, आणि त्या एका रोगाचं तर कुणीच घेऊ नये. घेतलं की तो ओ देतो आणि चुलीपाशी येऊन बसतो. बसलेला मी काही पाहिला नाही, पण म्हणत.

एके दिवशी भिवरा न्हायला बसली, तो छातीत गाठ लागली. हरभऱ्याएवढी. तिघं गावच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं सोपानला पडद्याआड नेलं, रोगाचं नाव सांगितलं, मोठ्या इस्पितळात न्या म्हणाला. पडदा पातळ होता. भिवरेनं ऐकलं, सासूनंही ऐकलं. मग काय झालं? सोपान म्हणाला, उष्णता आहे. भिवरा म्हणाली, पित्त आहे. सासू म्हणाली, दृष्ट आहे. तिघांनी एकमेकांचं खरं मानल्यासारखं केलं आणि घरी आली. उष्णतेसाठी मोठ्या इस्पितळात कोण जातं?

मग तिघं एकमेकांना चोरून उंबराईकडे गेली. उंबराखालचा शेंदराचा धोंडा तो. नवसाला पावणारी, पण जरा घायकुती.

सोपान म्हणाला, "आई, माझ्या घरातल्या माणसाचं ते जाऊ दे." देवी बुचकळ्यात पडली. कोणतं माणूस? कोणतं ते? तिनं सासूचा खोकला नेला. गाठ बोराएवढी झाली.

मग सासू म्हणाली, "आई, आमच्या दारचं ते जाऊ दे." दारात शेळी होती. देवीनं शेळीची खरूज नेली. शेळी अशी चकाकली की भट्टीवरचे गडी तिच्यात बघून भांग पाडू लागले. गाठ लिंबाएवढी झाली.

मग भिवरा म्हणाली, "आई, ह्यांच्या जिवाला घोर लावणारं ते जाऊ दे." देवीनं सोपानच्या टाचेचं कुरूप नेलं. गाठीला जोडीदारीण आली, काखेत.

हात वर होईना, वीट उचलेना, तेव्हा कुठं तिघं मोठ्या इस्पितळात गेली. खिडकीतल्या बाईनं विचारलं, काय होतंय? सोपान म्हणाला उष्णता, भिवरा म्हणाली पित्त, सासू म्हणाली दृष्ट. बाईनं कपाळाला हात लावला. पोटाच्या रांगेत धाडलं, तिथून कातडीच्या रांगेत धाडलं, तिथून उद्या या म्हणून धाडलं. मग तिघांनी फुटपाथवर चूल मांडली. आजूबाजूला तशीच बिऱ्हाडं, ताडपत्रीखाली. कुणाचा जबडा, कुणाचं लेकरू. सगळी 'ते'च म्हणत.

देवीला राहवेना. म्हातारीचं रूप घेतलं, चुलीपाशी बसली. भाकरी मागितली, खाल्ली, वर चटणी मागितली. मग म्हणाली, "पोरी, मी उंबराई. मी देवी आहे, मनकवडी नव्हे. खोकला नेला, खरूज नेली, कुरूप नेलं. आता नेऊ तरी काय?"

भिवरा म्हणाली, "आई, मला वसा सांगा."

"वसा सांगेन, पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही."

"मग नाव घे. चारचौघांत, मोठ्यानं. जीभ रेटत नसेल, तर लग्नात घेतलंस तसं उखाण्यात घे."

भिवरेनं पदर सावरला.

"विटेवर वीट, मध्ये मातीचा थर,
सोपानरावांची भिवरा मी, मला झालाय कॅन्सर."

सासू म्हणाली, "मला ठाऊक होतं गं." सोपान म्हणाला, "मलाही." मग तिघं रडली, रडता रडता एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसली. रोग काही नव्यानं आला नाही. आलेलाच होता, पुन्हा कुठून येणार? शेजारच्या ताडपत्रीतून कुणी हळूच म्हणालं, आमच्याकडंही तोच.

भिवरा म्हणाली, "आई, आता नाव कळलं. आता न्या."

देवी म्हणाली, "नाव कळलं आणि मीच भ्याले गं. हे माझ्या एकटीच्या हातचं नाही. उद्या खिडकीत हेच नाव घे. कापतील, कापू दे. केस जातील, जाऊ दे. रांगेत तुझ्यामागं मी उभी आहे."

मग भिवरेनं नाव घेतलं, खरी रांग मिळाली. गाठ कापली, केस गेले, औषधानं तोंड आलं, महिनोन्‌महिने तो फुटपाथच घर झाला. मग भट्टीवर परतली. गाठ पुन्हा येईल का, डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, येत राहा. देवीला विचारलं. ती म्हणाली, येत राहा. मी कहाणी सांगणारी, पण इथं मलाही कळत नाही.

एवढं मात्र झालं. भट्टीवरची एखादी बाई मीठ मागायला येई, मीठ घेऊन जाईना, पदराशी चाळा करीत म्हणे, "मलाही ते..." भिवरा तिला जवळ बसवी आणि म्हणे, "ते कोण, बाई? नाव घे."

भिवरेला लिंबाएवढी होईतो वाट पाहावी लागली. तुम्हां आम्हां न लागो, हरभऱ्याएवढी असतानाच वाचा फुटो. ही साठां रांगांची कहाणी, एका नावापाशी सुफळ संपूर्ण.