दरीचं पारडं

त्या राज्यात शांतता कुणालाच ठाऊक नव्हती. उंच कड्यावर सशांचं गाव होतं. तिथे दिवसभर जाती घरघरत, वारा कपारींतून शीळ घाली, आणि हे सगळं थांबलं तरी सशांना आपल्याच लांब कानांतलं रक्त वाहताना ऐकू येई. मीठ मात्र खाली दरीतच मिळे. मिठाला उतरलेला ससा काम झालं की खालून हाक मारी, मग वरून दोर सोडला जाई.

एवढ्या गलक्यात हाक ओळखणं सोपं नव्हतं. एकदा कुणीच हाक मारली नसताना दोर सोडला गेला. तो जड लागला म्हणून सगळ्यांनी मिळून ओढला. त्याला धरून जे वर आलं त्याविषयी गावात कोणी बोलत नाही. कड्याजवळची आळी तेव्हापासून ओस आहे.

मग कारभारी साळिंदराने एक नामी युक्ती काढली. कड्यावर मोठा तराजू टांगला. एक ससा दरीकडे तोंड करून बसे आणि आवाज ऐकला की दरीच्या पारड्यात खडा टाके. दुसरा गावाकडे तोंड करून बसे आणि ऐकलेल्या आवाजाचा खडा गावाच्या पारड्यात टाके. दोघांनी ऐकला तो गलका. खड्याला खडा, दांडी सरळ. एकट्या दरीच्या सशाने ऐकली ती हाक. तेवढ्याने ते पारडं झुके, खटका निघे आणि दोर खाली सुटे. खटका दुसऱ्या कशानेही निघत नसे, आणि दोर वर येईपर्यंत पडलेला खडा कोणी उचलायचा नसे. युक्ती खरोखरच चांगली होती, नाव ठेवायला जागा नव्हती. कितीतरी ससे तिच्यामुळे सुखरूप घरी आले.

सोनकी दरीकडे तोंड करून बसणारी. त्या दिवशी तिची लेक कुर्डू पहिल्यांदाच मिठाला उतरली होती. दुपार कलली तसं दरीत धुकं चढू लागलं. धुकं ज्याच्या डोक्यावरून गेलं तो पुन्हा हाक मारत नाही, हे गावातली लहान पोरंही जाणत.

हाक आली. सोनकीने खडा टाकला. पण कुर्डू घाबरली होती, जिवाच्या आकांताने ओरडत होती. तो आवाज गावाकडे तोंड करून बसलेल्या म्हाताऱ्या भारंगाच्याही कानी पडला. भारंगा उभ्या जन्मात खोटं वागला नव्हता. त्यानेही त्याच क्षणी खडा टाकला आणि दांडी सरळच राहिली.

"भारंगामामा, माझी कुर्डू आहे ती," सोनकी म्हणाली.

"मलाही ऐकू येतंय गं, पोरी. ऐकलेलं नाही कसं म्हणू?"

साळिंदर आला. तो दुष्ट नव्हता. दोराला धरून आलेलं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने सरळ दांडीकडे बोट केलं आणि हा गलका आहे असं सांगितलं.

"आई, दोर सोड," खालून आणखी मोठ्याने आलं. आता ते घराघरांत पोचलं. जाती थांबली आणि सगळं गाव कड्यावर धावत आलं. सोनकीच्या जिवात जीव आला. इतक्यांनी ऐकलं, आता नाही कोण म्हणेल?

जो तो साक्ष द्यायला पुढे झाला. साळिंदराने रीतीप्रमाणे प्रत्येकाला एक खडा दिला. गावकऱ्याने ऐकलेल्या आवाजाचा खडा गावाच्याच पारड्यात पडायचा. काहींनी दोन दोन टाकले. त्यांना फार कळवळा आला होता.

दरीचं पारडं वर वर गेलं. सोनकीने उडी मारून ते धरलं आणि आत जाऊन बसली. दांडी हलली नाही.

धुकं कड्याला येऊन टेकलं. खालून काही येईनासं झालं. खडे घेऊन उभ्या असलेल्यांची रांग अजून संपली नव्हती. एक म्हातारी डोळे पुसत पुढे आली, वर सोनकीकडे पाहून "मीसुद्धा ऐकलं गं, बाई," म्हणाली, आणि तिने आपला खडा हलकेच ठेवला.