आनसाक्काची काहील

वारणेनं अजून पूल पाहिला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या उंबरठाण गावात आनसाक्का आंबी नावाची नावाडीण होती. नवरा गेला आणि त्याची नाव तिच्या हाती आली, नावेबरोबर त्याचा तापटपणाही आला. असं म्हणतात, आक्का रागावली की घाटावरची कुत्री पोहून पैलतीरी जायची आणि तिकडून भुंकायची.

नदीच्या मधोमध मळी होती, म्हणजे गाळाचं बेट. तिथं केरबा भाजीपाला पिकवायचा आणि आपला कुटुंबकबिला घेऊन राहायचा. वैशाखातल्या एका दुपारी त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. केरबा पोहत घाटावर आला, तर आक्का जेवायला घरी गेलेली. त्यानं न विचारता नाव सोडली आणि बायकोला पैलतीरावरच्या सुईणीकडं नेलं. मुलगी झाली. नाव संध्याकाळी परत आली, पण तोवर इकडं एक वऱ्हाड उन्हात ताटकळत आक्काला बोल लावत बसलं होतं.

ते तिला फार लागलं. तिनं लोहाराकडून हातभर साखळी करवून घेतली, नाव घाटाच्या लोखंडी कड्याला कुलूपबंद केली आणि किल्ली कनवटीला खोचली. अति राग अन् भीक माग, असं उगीच नाही म्हणत.

श्रावणात महापूर आला. लांब दोरानं बांधलेली नाव पाण्याबरोबर वर येते, हे नाव चालवणाऱ्या आंबी घरांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रागाच्या भरात आक्काच तेवढं विसरली होती. साखळीनं नाव जागच्या जागी धरून ठेवली आणि उजाडून पाहतात तो ती पाण्याखाली. तिकडं मळीवर केरबाच्या घराचं छप्पर तेवढं वर दिसत होतं आणि छपरावर नऊ माणसं बसली होती. त्यांत ती तीन महिन्यांची पोर होती.

ही माणसं बुडाली तर ती आपणच बुडवली, हे आक्काला कुणी सांगायला नको होतं. किल्ली दातात धरून तिनं तीन बुड्या मारल्या, पण गाळात कुलूप काही हाती लागेना. मग ती ओलेत्यानं दादगोंडा पाटलांच्या गुऱ्हाळाकडं धावली. उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी काहील पावसाळ्यात तिथं पालथी पडलेली असायची.

असं म्हणतात, आठ गड्यांना न हलणारी ती काहील आक्कानं एकटीनं काठावर उभी केली आणि बैलगाडीच्या चाकासारखी ढकलत घाटावर आणली. तिच्या भारानं जमिनीत जी चाकोरी पडली, तिला गाव काहीलवाट म्हणतं. खरंखोटं वारणेला ठाऊक, पण त्या वाटेवर गवत उगवत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आक्कानं पाठीला दोन वाळके भोपळे बांधले, काहील पाण्यात लोटली आणि तिचा काठ धरून पोहत निघाली. गोल काहील धारेत गरगर फिरायची. पहिल्या खेपेला केरबाची बायको आणि पोरं आली. दुसऱ्या खेपेला म्हातारी माणसं आली, तीही देवाचं नाव घेत आणि ओकाऱ्या काढत. तिसऱ्या खेपेला आक्काच्या हातांना वळ उठले होते आणि छपरावर एकटा केरबा उरला होता.

तो मान खाली घालून म्हणाला, "आक्का, त्या दिशी न इचारता नाव न्हेली. चुकलं माझं."

आक्का धापा टाकत म्हणाली, "मी तरी काहील कुठं इचारून आणलीया? बस बिगीबिगी."

तो बसला आणि मागं छप्पर खचलं. असं म्हणतात, तेवढ्या वेळापुरती वारणा शहाण्या गाईसारखी बाजूला सरली आणि काहील सरळ रेघेत घाटाला लागली.

घाटावर पाटील उभे होते. काहिलीला पोचा आला होता आणि पाटलांचा हात तर साऱ्या पंचक्रोशीत आखडता. पाटलांनी नऊ माणसं मोजली, आईनं पोरीला पदराआड घेतलेलं पाहिलं आणि म्हणाले, "हिच्यात आता गूळ शिजायचा न्हाई. ऱ्हाऊ दे हितंच, नदीच्या नावानं." आक्कानं कनवटीची किल्ली काढून सगळ्यांदेखत पुरात भिरकावली आणि मग मात्र ती ढसाढसा रडली.

तिथंच छप्पर उभं राहिलं आणि त्याला काहीलघर म्हणू लागले. आक्कानं म्हातारपणापर्यंत आंब्यांच्या, पाटलांच्या, महारा-मांगांच्या, सगळ्यांच्या पोरापोरींना पुरात काहील हाकायला शिकवलं, शिव्या देऊन शिकवलं. किती जीव वाचले याचा आकडा प्रत्येक घरात वेगळा सांगतात आणि एकही घर माघार घेत नाही.

काहील पुढं गंजली, तिच्या जागी लाकडी नाव आली, आता मोटारीची रबरी बोट आहे. दर वर्षी मृगाच्या आधी गाव काहीलघरापाशी जमतं आणि आनसाक्काच्या नावानं गुळाचा खडा वारणेत सोडतं. बोटीला कुलूप नाही. हाक आली की जो जवळ असेल तो बोट सोडतो, मग तो कुठल्या का गावचा असेना. बोट परत येते तेव्हा ती कुणी नेली होती, हे उंबरठाणात कुणी विचारत नाही. काठावरची म्हातारी माणसं एवढंच विचारतात, "किती आली?"

आणि पाण्यावरून उत्तर येतं, "सगळी आली."