दवंडीवाला आणि खिडकीतले पोपट

फार पूर्वी एका तळ्याकाठच्या गावात एक म्हातारा दवंडीवाला राहत होता. गावाची रीत अशी, की हलगी वाजली की आधी सांगणाऱ्याचं नाव, मग त्याचं सांगणं. आणि चारही चौकांत शब्द तेच. तीस वर्षं त्याने हेच केलं. आता गुडघे कुरकुरत होते, आवाज बसला होता.

त्या वर्षी गावाचा मुखिया निवडायचा होता. एका व्यापाऱ्याला मुखिया व्हायचं होतं, पण त्याने दवंडीवाल्याला बोलावलंच नाही. त्याने पोपट पढवले आणि खिडक्याखिडक्यांत बसवले. कोळ्याच्या खिडकीत पोपट म्हणे, "व्यापारी तळं खोल करणार." शेतकऱ्याच्या खिडकीत म्हणे, "व्यापारी तळं बुजवून शेतं देणार." आणि दोघांनाही वर, "कुणाला सांगू नका हं!"

ऐकायला गोड, मग कोण कशाला सांगतंय!

दवंडीवाला गावभर फिरणारा, त्याने दोन्ही ऐकलं. तळ्याच्या काळजीने तो पंचांकडे गेला. "अहो, पोपटांनाही आपली रीत लावा. कुणी पढवलं ते आधी सांगू द्या."

"बाबा, पाखरांना कसला आलाय नियम?" पंच म्हणाले. "निवडणूक होऊन जाऊ दे, मग बघू."

निवडणूक झाली, व्यापारी मुखिया झाला. त्याने तळं खोल केलं नाही की बुजवलं नाही. कुंपण घालून स्वतःचं करून टाकलं. कोळी आणि शेतकरी कुंपणापाशी भेटले, तेव्हा कुठे एकमेकांना विचारते झाले, "तुला काय सांगितलं होतं रे?"

वरातीमागून घोडं आलं. नियम झाला, की पोपटाने पढवणाऱ्याचं नाव सांगावं आणि चौकातच बोलावं. दवंडीवाल्याने तो ओरडून सांगितला. त्याला वाटलं, सुटलो एकदाचा.

पुढच्या निवडणुकीला खिडक्यांत साळुंक्या आल्या.

"नियम पोपटांचा आहे, साळुंक्यांचा कुठंय?" मुखिया हसून म्हणाला.

म्हाताऱ्याला रडूच आलं. तेच ते किती वेळा सांगायचं? तरी त्याने हलगी उचलली. पहिल्या चौकात पोचतो तोच त्याला एक कोळीण साळुंकीवर खेकसताना दिसली.

"गोड बोलणं राहू दे गं बाई, आधी कुणी पढवलं ते सांग! आणि चल चौकात, सगळ्यांसमोर बोल."

साळुंकीला नाव शिकवलेलंच नव्हतं. ती भुर्रकन उडाली. शेजारच्या शेतकऱ्यानेही खिडकीतून तेच विचारलं, मग त्याच्या पलीकडच्या घराने.

दवंडीवाला पारावर टेकला. हलगी न वाजवताच दवंडी गावभर झाली होती.

तात्पर्य: कानाशी येऊन गोड बोलणाऱ्याला आधी पढवणाऱ्याचं नाव विचारावं. नियम नेहमी मागून येतो, तोवर गावानेच जागं राहावं.