हत्तिणीची झूल आणि आमटीचा हंडा

हैबतराव सरदारांच्या मुलाची वरात भर वैशाखात, दुपारी निघायची होती. जरीची जाड झूल पाठीवर पडताच चंपी हत्तीण धापा टाकू लागली, तिचे गुडघे थरथरले. झूल पोचवून परत फिरलेल्या कापडवाल्या सुंदरशेटांचा पाय काही तिथून निघेना.

"सरकार, झूल काढा. ही वाटेतच कोसळेल."

"आमचे घोडे तसलीच झूल घालून सकाळपासून उभे आहेत," सरदार गुरगुरले. "ही तर त्यांच्या दसपट. पुन्हा बोललात शेट, तर ती झूल तुमच्याच अंगावर चढवीन."

तरी शेटांनी मुदपाकखान्यातून उकळत्या आमटीचा हंडा आणवला, त्यातली वाटीभर बाजूला काढून ठेवली. थोड्या वेळाने म्हणाले, "सरकार, वाटीत बोट घाला."

आमटी कोमट झाली होती.

"आता हंड्यात."

वाफ बघून सरदारांचा हात वरच थांबला.

"अंग वाढतं तशी आतली ऊब वाढते, पण ती बाहेर सोडणारी कातडी तेवढी वाढत नाही. घोडा म्हणजे वाटी, ही हंडा. आणि या हंड्यावर गोधडी घालून वर तुम्ही नवरदेवाला बसवताय."

सरदारांनी झुलीचा बंद स्वतःच्या हातानं सोडला.