निरोपाचा विडा

सरदार नेमाजीरावांनी गोजरा तांबोळणीला दरबारात बोलावून फर्मावलं, "पारावरचं दुकान बंद कर. आजपासून विडे फक्त आमच्याकडे लावायचे. इथं माणसं किती सुखात आहेत बघ, कुणी उठायचं नावच घेत नाही!"

गोजराला दुकान मुळीच सोडायचं नव्हतं. ती म्हणाली, "आधी सगळ्यांना एकेक विडा देऊ द्या, सरकार."

"दे की," सरदार मिशीला पीळ देत म्हणाले.

विडा मिळाला की घरी जायची परवानगी मिळाली, अशी दरबारची रीत. विडे हातात पडायचा अवकाश, मंडळी जोडे शोधत पळाली. चोपदारसुद्धा थांबला नाही.

गोजरानं पानांची टोपली उचलली. "सरकार, माझ्या पारावर माणसं विडा घेतात आणि मग बसतात. मी तिथंच बरी."