भोपळ्याची खोड

एका गावात एक भोपळा होता. वेलीवरचा नव्हे. कागदाच्या लगद्याचा, आतून पोकळ, बाहेरून नारिंगी. त्याला तिरपे डोळे होते, दात विचकलेलं तोंड होतं आणि उचलायला वर तारेची कडी होती. आत मेणबत्ती लावली की डोळ्यांतल्या पातळ कागदातून उजेड यायचा. बघणाऱ्याला आधी भीती वाटायची, मग हसू यायचं.

हा भोपळा गावात आला कसा, ते आधी सांगायला हवं. गावाशेजारी मिशनचं हॉस्पिटल होतं आणि तिथल्या डॉक्टरीणबाई अमेरिकेच्या होत्या. त्यांच्या देशात ऑक्टोबर सरता सरता हॅलोवीन नावाचा सण येतो. मुलं भुतांची सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागतात आणि दारात असे भोपळे उजळतात. बाईंनी आपल्या लहानपणचा भोपळा ट्रंकेत घालून इथवर आणला होता. कायमच्या परत निघाल्या तेव्हा तो त्यांनी आपल्या स्वयंपाकिणीला, सगुणाबाईला दिला. सगुणाबाई तेव्हा विशीत होती. पुढं हॉस्पिटल बंद पडलं, सगुणाबाईचे केस पिकले, भोपळा मात्र राहिला.

दर दिवाळीला ती तो आकाशकंदिलाच्या शेजारी टांगायची. गावातली किती तरी पोरं त्याला भिऊन मोठी झाली आणि आपल्या पोरांना भिववायला पुन्हा तिच्याच दारात घेऊन आली. पन्नास वर्षं टांगलेल्या वस्तूचं जे व्हायचं ते त्याचंही झालं. कडीचं एक भोक फाटलं, तिथं सगुणाबाईनं खळीनं चिंधी चिकटवली आणि वरून रंग दिला. डावा डोळा जळाला, तिथं पतंगाचा कागद लावला. एकदा मेणबत्ती कलंडून पाठीला चटका बसला, तोही तिनं बुजवला. काम इतकं नीट की समोरून बघणाऱ्याला काही कळू नये.

सगुणाबाईचा नवरा केरबा. तो त्याच हॉस्पिटलच्या फाटकावर नोकरीला होता. माणूस मोठा बोलका. नवराबायको दिवसभर बोलत असायचे. मध्येच भांडायचे, पण तेही बोलणंच की. दोन वर्षांपूर्वी केरबाला ऐकू येईनासं झालं. लोक विचारायचे एक, तो सांगायचा दुसरंच, आणि लोक हसायचे. हसणारे काही दुष्ट नव्हते. तरी केरबानं बोलणं टाकलं ते त्यांच्या हसण्यामुळंच. तो ओट्यावर गप्प बसून राही आणि आत सगुणाबाईला घर खायला उठे. तालुक्याला कानाची चांगली यंत्रं मिळत होती. किंमत ऐकून ती एकदा दुकानाच्या पायरीवरूनच मागं फिरली होती.

गावात एस्तेर नावाची एक बाई झेरॉक्सचं दुकान चालवायची. लोकांचे ऑनलाइन फॉर्मही तीच भरून द्यायची. एके दिवशी तिनं मोबाइलवर पाहिलं की अमेरिकेत अशा जुन्या हॅलोवीनच्या वस्तू जमवणारे शौकीन आहेत आणि इंटरनेटवर त्यांचे लिलाव चालतात. सगुणाबाईच्या भोपळ्याच्या जोडीचा एक भोपळा लाखाच्या घरात गेला होता. एस्तेर धावतच सगुणाबाईकडं आली. तिनं सगळं समजावून सांगितलं. भोपळा जितका जुना तितका महाग. पण रंग मूळचा हवा, डोळ्यांतला कागद मूळचा हवा. एकही ठिगळ असलं की शौकिनांचं मन उडतं.

भोपळा विकायचं सगुणाबाईच्या जिवावर आलं. पण ओट्यावर गप्प बसलेला नवरा तिला दिसत होता. दिवाळीला दारात भोपळा हवा की घरात माणसाचा आवाज, हे तिला कुणी विचारायला नको होतं. तिनं भोपळा पुसून एस्तेरच्या हातात दिला.

एस्तेरनं समोरून छान फोटो काढले आणि लिलावाच्या साइटवर टाकले. लिलाव दहा दिवसांचा होता. तिसऱ्या दिवसापासून बोली चढू लागली. सगळ्यांत वर होता एक नामांकित संग्राहक. त्याच्या कपाटात म्हणे असे दोनशे भोपळे होते. पाचव्या दिवशी बोली इतकी वर गेली की तेवढ्या पैशांत केरबाच्या दोन्ही कानांना यंत्र येऊन वर दिवाळी झाली असती.

सगुणाबाईला राहवेना. ती दुकानात गेली आणि भोपळ्याखाली इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणाली. एस्तेरनं मराठी करून वाचलं. अत्यंत दुर्मीळ, जसाच्या तसा, कुठंही दुरुस्ती नाही, एकही दोष नाही.

सगुणाबाईनं मोबाइलवरचा भोपळा नीट पाहिला. मग म्हणाली, "पोरी, माझा बाप म्हशींचा व्यापार करायचा. गिऱ्हाइकाच्या हातात दावं द्यायच्या आधी त्यो म्हशीची खोड सांगायचा. ही डाव्या अंगानं गेलं की लाथ मारती, ही पान्हा चोरती, हिला खायला आंबोण ऊनच लागतं. खोड सांगितल्याबिगर त्यानं दावं कधी सोडलं न्हाई. आन् ह्या भोपळ्याला तर तीन ठिगळं हायत."

एस्तेरनं तिला परोपरीनं समजावलं. म्हैस जिवंत असते, भोपळा कागदाचा आहे. कुणी विचारलेलं नाही, मग आपण होऊन कशाला सांगायचं? ठिगळं सांगितली तर बोली ढासळेल. शेवटी ती म्हणाली, "मावशी, मामांच्या कानांचा तरी इचार करा." एस्तेरचंही काही चुकीचं नव्हतं. तिनं हा सगळा खटाटोप केला होता तो केरबासाठीच, स्वतःला एक पैसाही न घेता.

सगुणाबाई घरी आली. दारात भाजीवाली उभी होती. ती केरबाला सुटे पैसे मागत होती आणि केरबा तिला तांब्याभर पाणी आणून देत होता. भाजीवाली पदर तोंडाला लावून हसली. केरबाला वाटलं, पाणी मिळालं म्हणून ती खूश झाली. तोही हसला. ते हसू बघून सगुणाबाईला रडू आलं.

आजवर घरातली कुठलीही गोष्ट तिनं नवऱ्याला विचारल्याशिवाय केली नव्हती. आजही तिला त्यालाच विचारायचं होतं. पण केरबाला काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागे, आणि ही काही ओरडून विचारण्यासारखी गोष्ट नव्हती. अख्ख्या आळीनं ऐकली असती. लिहून विचारावं तर दोघांनाही अक्षर येत नव्हतं. ती त्याच्याशेजारी ओट्यावर बसली. दोघंही गप्प. ऊन भिंतीवर चढेपर्यंत ती तशीच बसून राहिली. एवढी एकटी ती आयुष्यात कधी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती एस्तेरच्या दारात हजर.

"लिही," ती म्हणाली. "कडीला धरून उचलू नका. तिथं चिंधी हाय, माझ्या हातची. खालनं दोन्ही हात घालून उचला, तान्हं लेकरू उचलत्यात तसं. डावा डोळा पतंगाच्या कागदाचा हाय. पाठीला चटका बसलेला, वरनं रंग दिलाय. पावसाळ्यात त्याला ओल सोसत न्हाई, तांदळाच्या डब्याजवळ ठेवा. खळीच्या वासानं उंदीर येत्यात, तेवढी नजर असू द्या."

एस्तेरनं कपाळाला हात लावला. पण लिहिलं सगळं. पाठीचा आणि कडीचा फोटोही टाकला. एकदा लिहायचंच ठरल्यावर तिनं त्यात काही गाळलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं.

साइटचा नियम असा होता की वस्तूचं वर्णन बदललं तर बोली मागं घेता येते. संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी ती मागं घेतली. नामांकित संग्राहकानं नम्रपणे कळवलं की दुरुस्त केलेली वस्तू आपण ठेवत नाही. चढलेला आकडा धाडकन खाली आला. लिलाव संपला तेव्हा भोपळा गेला, पण पडत्या भावानं. तेवढ्यात एका कानाचंही यंत्र येत नव्हतं.

एस्तेर सगुणाबाईशी बोलेनाशी झाली. सगुणाबाईनं भोपळा जुन्या लुगड्याच्या घड्यांत गुंडाळला आणि पोस्टात दिला. परत येताना तिला राहून राहून वाटत होतं, आपण बापाचा शब्द राखला आणि नवऱ्याचे कान घालवले. तिला स्वतःचा रागही आला. खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात. तिचं काही झालं नाही.

महिन्याभरानं भोपळा घेणाऱ्याचं पत्र आलं. तो अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावातला म्हातारा सुतार होता. त्यानं लिहिलं होतं, 'मी आजवर अशा तीस वस्तू घेतल्या. प्रत्येकीचा दोष मला ती हातात मोडल्यावर कळला. तुमच्या वस्तूचा दोष मात्र वस्तूच्या आधी माझ्यापर्यंत पोहोचला. मी दोन्ही हात खालून घातले. भोपळा धड आहे.' हेच त्यानं लिलावाच्या साइटवर सगळ्यांना वाचता येईल असं लिहून टाकलं. एस्तेरनं ते वाचून दाखवलं आणि त्या दिवसापासून ती पुन्हा सगुणाबाईशी बोलू लागली.

आता गंमत बघा. त्याच हॉस्पिटलात पूर्वी मार्थाबाई नावाची नर्स होती. डॉक्टरीणबाईंनी जाताना तिलाही काही दिलं होतं, एक पुठ्ठ्याचं काळं मांजर. पाठीची कमान केलेलं, हातपाय हलणारं, हॅलोवीनचंच. मार्थाबाईला मांजरांची भीती वाटायची. तिनं ते ज्या कागदात आलं त्याच कागदात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं आणि पुन्हा म्हणून उघडलं नव्हतं. सगुणाबाईच्या भोपळ्याचं ऐकून तिनं ते बाहेर काढलं आणि विकून द्या म्हणाली.

सगुणाबाईनं मांजर उजेडात धरून उलटंसुलटं पाहिलं. प्रत्येक सांधा हलवला. कडा बोटांनी चाचपल्या. अर्ध्या तासानं तिनं एस्तेरला एवढंच लिहायला सांगितलं, "ह्याला खोड न्हाई."

अशा साइटवर 'एकही दोष नाही' असं हजारो विकणारे लिहितात आणि त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पण भोपळ्याची एवढीशी चिंधी सांगणाऱ्या बाईनं खोड नाही म्हटलं, तर ती खरंच नसणार, हे घेणाऱ्यांना एव्हाना कळलं होतं. दोनशे भोपळेवाला तो संग्राहकही परत आला. त्यानं काही विचारलं नाही, जादा फोटो मागितले नाहीत. ठिगळं सांगायच्या आधी भोपळ्याला लागली होती त्याच्या दुप्पट बोली मांजराला लागली. मार्थाबाई देवमाणूस. ती म्हणाली, "मांजर माझं होतं, पण भाव तुझ्या शब्दाला आलाय." आणि तिनं सगुणाबाई नको नको म्हणत असताना निम्मा वाटा तिच्या ओटीत घातला.

सगुणाबाई केरबाला घेऊन तालुक्याला गेली. दुकानदार यंत्राचे गुण सांगत सुटला. तिनं त्याला थांबवलं आणि ह्याची खोड काय ते आधी सांगा म्हणाली. दुकानदार जरा अडखळला. मग त्यानं सांगितलं की पहिला महिनाभर भांड्यांचा आवाज फार मोठा वाटेल, मध्येच शिट्टी वाजेल आणि आजोबा वैतागून ते काढून टाकायला बघतील, तेव्हा धीर धरा. सगुणाबाईचं समाधान झालं. तिनं दोन्ही कानांना यंत्र घेतलं.

घरी आल्यावर दोघं ओट्यावर बसले. सगुणाबाईनं भोपळ्याची सगळी गोष्ट नवऱ्याला पहिल्यापासून सांगितली. हळू आवाजात सांगितली. दोन वर्षांत ती असं हळू बोलली नव्हती, त्यामुळं सुरुवातीला तिला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटेना. केरबा एक हात कानाशी धरून ऐकत होता. मध्येच त्याचे डोळे भरून आले. ते त्यानं लपवले नाहीत.

ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मला का न्हाई इचारलंस?"

"इचारलं असतं तर काय म्हणला असता?"

केरबानं खूप विचार केला. खोटं त्यालाही बोलता येत नव्हतं. "म्हणलो असतो, गप ऱ्हा. नको सांगू कुणाला."

सगुणाबाई डोळे पुसता पुसता हसली. "मग बरंच झालं म्हणायचं," ती म्हणाली, "तवा तुमाला ऐकू येत नव्हतं."

तात्पर्य: वस्तू देताना तिची खोडही सोबत द्यावी. घेणाऱ्याला ती जपता येते, आणि जो आपल्या वस्तूचा दोष आपण होऊन सांगतो, त्यानं सांगितलेला गुणही लोक खरा मानतात.